क्रूझ रद्द झाली तर परतावा किती आणि विमा कशाचा?

क्रूझ रद्द झाली की किती पैसे परत मिळणार, हे सगळ्यात आधी एका गोष्टीवरून ठरतं : रद्द कोणी केली. कंपनीने केली तर एक हिशेब, तुम्ही केली तर अगदीच वेगळा. प्रवास विमा घ्यायचा का, कशाचा आणि किती रकमेचा, हेही याच दोन हिशेबांतून निघतं. दोन्हीकडून जे पैसे तुम्हाला कोणीच परत देत नाही, त्याचा विमा काढायचा. बहुतेक जण करतात उलटं. बुकिंगच्या शेवटच्या पानावर 'विमा हवा का?' अशी चौकट येते, तिच्यावर टिक करायची किंवा नाही करायची, की विषय संपला.

म्हणून आधी परतावा पाहू.

तुम्ही रद्द केली तर

क्रूझचे पैसे साधारण दोन टप्प्यांत भरायचे असतात. बुकिंगच्या वेळी डिपॉझिट, आणि उरलेली सगळी रक्कम जहाज सुटण्याच्या सुमारे ९० दिवस आधी. तीन-चार रात्रींच्या सफरीला ही मुदत थोडी कमी असते, सुट्ट्यांच्या हंगामात किंवा लांबच्या सफरीला जास्त. ही दुसरी तारीख उलटण्याआधी रद्द केलं, तर बऱ्याचदा डिपॉझिटसकट सगळं परत मिळतं. अपवाद 'नॉन-रिफंडेबल डिपॉझिट'वाल्या भाड्याचा. ते भाडं स्वस्त दिसतं त्याचं कारणच हे, की डिपॉझिटवर तुम्ही पहिल्याच दिवशी पाणी सोडलेलं असतं. काही कंपन्या त्यातून बदलाचं शुल्क कापतात आणि बाकीची रक्कम पुढच्या क्रूझसाठी जमा ठेवतात, पण ती रोख म्हणून हातात येत नाही.

ती तारीख उलटली की उतरती शिडी सुरू होते. आठवडाभराच्या क्रूझला नेहमी दिसणारं वेळापत्रक साधारण असं असतं : ९० ते ५६ दिवस आधी रद्द केलं तर डिपॉझिट जातं, ५५ ते ३० दिवसांत भाड्याचे ५० टक्के, २९ ते १५ दिवसांत ७५ टक्के, आणि शेवटच्या १४ दिवसांत सगळं. कंपनीगणिक आणि सफरीगणिक आकडे बदलतात, त्यामुळे आपल्या तिकिटाच्या करारातला तक्ता उघडून त्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे ५६ व्या दिवसाऐवजी ५५ व्या दिवशी फोन लावणारी माणसं पुष्कळ असतात.

दिवस मोजतात तेही नीट पाहायला हवं. तुम्ही ठरवलं तो दिवस धरत नाहीत, कंपनीला कळलं तो दिवस धरतात. एजंटमार्फत बुकिंग असेल तर निरोप एजंटकडून कंपनीपर्यंत पोहोचावा लागतो, आणि एजंटचं ऑफिस रविवारी बंद असतं. कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या खंडात असेल तर तिथली तारीख लागू होण्याची शक्यता असते. फोन केला तरी पाठोपाठ ईमेल टाकावा आणि रद्द केल्याचा क्रमांक मागून घ्यावा. एजंटचं स्वतःचं शुल्क वेगळं असतं, ते सहसा परत येत नाही.

आता थोडी बरी बातमी. ही टक्केवारी साधारणपणे भाड्यावर लागते, बिलातल्या प्रत्येक ओळीवर नाही. बंदरांची फी आणि सरकारी कर तुम्ही जहाजावर चढलाच नाहीत तर कंपनीलाही भरावे लागत नाहीत, म्हणून शंभर टक्के दंडाच्या टप्प्यातसुद्धा ते बहुधा परत मिळतात. आधीच भरलेली टिप, पेयांचं पॅकेज, कंपनीकडूनच घेतलेल्या किनाऱ्यावरच्या सहली, हेही जहाज सुटण्यापूर्वी रद्द केलं तर सहसा पूर्ण परत येतं. न मागता येईलच असं मात्र नाही. परताव्याचा तपशील ओळीओळीने मागावा.

एक हिशेब मांडून बघू. दोघांचं मिळून भाडं १,००,०००, त्यातलं डिपॉझिट २०,०००. कर आणि बंदर फी १२,०००. कंपनीच्या सहली १५,०००. बंदराच्या शहरापर्यंतची विमानाची तिकिटं स्वतंत्र काढलेली, परत न मिळणारी, ६०,०००. चलन कुठलंही धरा. एकूण खर्च झाला १,८७,०००.

निघायला ८० दिवस असताना रद्द केलं तर डिपॉझिटचे २०,००० आणि विमानाचे ६०,००० गेले. म्हणजे या टप्प्यावर क्रूझपेक्षा विमानातच तिप्पट पैसे अडकलेत. ४० दिवस आधी एकाचा पाय मोडला, तर भाड्याचे ५०,००० आणि विमानाचे ६०,००० धरून १,१०,००० गेले. दहा दिवस आधी रद्द केलं तर १,६०,०००. त्याच्यापुढे नुकसान वाढत नाही, कारण कर आणि सहलींचे २७,००० कुठल्याही टप्प्यावर परत येणार आहेत.

विम्याची रक्कम इथून काढायची : १,६०,०००. एकूण खर्च १,८७,००० आहे म्हणून तेवढ्याचा विमा काढला, तर जास्तीच्या २७,००० वर प्रीमियम भरत बसाल आणि ते विमा कंपनी कधीच देणार नाही, कारण ते तुमचं नुकसानच नाही. उलट फक्त क्रूझच्या भाड्याचा विमा काढला आणि विमान विसरलात, तर ६०,००० उघड्यावर राहिले. ही दुसरी चूक जास्त दिसते. क्रूझ कंपनीच्या पानावरून घेतलेल्या विम्यात तुमची वेगळी विमान तिकिटं आणि हॉटेल आपोआप येत नाहीत.

केबिन दोघांची असेल तर आणखी एक अडचण येते. भाडं दोन माणसं धरून आखलेलं असतं. एकाने रद्द केलं आणि दुसरा जाणार असेल, तर त्याला एकट्याने केबिन वापरल्याचं जादा भाडं लागू शकतं. चांगल्या पॉलिसीत हा वाढीव खर्च भरून मिळतो, पण पहिल्याने रद्द करण्याचं कारण पॉलिसीच्या यादीत बसत असेल तरच.

कंपनीने रद्द केली तर

इथे बाजू तुमची भक्कम असते, पण ती कुठल्या देशाच्या नियमांखाली येते ते पाहावं लागतं.

अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर तिथल्या फेडरल मॅरिटाइम कमिशनची, म्हणजे सागरी वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, नजर असते. कोविडच्या काळात हजारो लोकांचे परतावे अडकल्यावर या कमिशनने नियम बदलले आणि ते २०२२ मध्ये लागू झाले. क्रूझ रद्द झाली, किंवा सुटायला तीन दिवस किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही जायचं नाही असं ठरवलं, तर पूर्ण परताव्याचा हक्क मिळतो. हा परतावा कंपनीने ६० दिवसांत द्यायचा असतो. युरोपीय संघात क्रूझ 'पॅकेज प्रवास' म्हणून धरली जाते. २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाप्रमाणे, जो २०१८ च्या जुलैपासून लागू आहे, परतावा १४ दिवसांत द्यायचा असतो. ब्रिटनमध्येही २०१८ चे असेच नियम आहेत.

या युरोपीय नियमांत दोन गोष्टी फारशा कुणाला माहीत नसतात. कंपनीने भाडं आठ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवलं तर तुम्ही विनादंड बाहेर पडू शकता. आणि निघण्याच्या सात दिवस आधीपर्यंत कळवून तुमची जागा दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येते, फक्त नावबदलाचा वाजवी खर्च द्यावा लागतो. दंड भरण्यापेक्षा चुलतभावाला पाठवलेलं स्वस्त पडतं.

क्रूझ रद्द झाल्यावर येणाऱ्या ईमेलमध्ये बहुतेक वेळा दोन पर्याय असतात. एक, भरलेली रक्कम रोख परत. दोन, पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट, आणि ते थोडं जास्त. २०२० मध्ये अनेक कंपन्यांनी शंभर टक्के रोख किंवा १२५ टक्के क्रेडिट असा प्रस्ताव दिला होता. क्रेडिटचं बटण मोठं आणि ठळक असतं, रोख परताव्यासाठी कधी वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत काहीच निवडलं नाही तर क्रेडिट आपोआप लागू होतं असंही घडतं. माझं मत विचाराल तर नेमक्या तारखा ठरलेल्या असल्याशिवाय क्रेडिट घेऊ नये. त्याला मुदत असते, पुढच्या वर्षी भाडं वाढलं की ते जास्तीचे २५ टक्के त्यातच जिरतात, आणि कंपनी बुडाली तर क्रेडिटला कागदाचीही किंमत राहत नाही. शिवाय क्रेडिट घेतलंत की विमा कंपनी म्हणते, तुम्हाला मोबदला मिळाला, मग नुकसान कुठलं? म्हणजे तिकडचाही दरवाजा बंद.

कंपन्या बुडतात का? बुडतात. ब्रिटनची 'क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस' जुलै २०२० मध्ये बंद पडली. २०२२ च्या सुरुवातीला 'गेंटिंग हाँगकाँग' कोसळली आणि तिच्या 'क्रिस्टल क्रूझेस'ची दोन जहाजं थकलेल्या देण्यांपायी बहामाजमध्ये जप्त झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'लाइफ ॲट सी' नावाची तीन वर्षांची जगप्रदक्षिणा सुटण्याआधीच रद्द झाली, कारण ज्या जहाजावर ती जायची होती ते आयोजकांना विकतच घेता आलं नाही. लोकांनी घरं आवरून ठेवली होती. त्यांना परतावा हप्त्याहप्त्याने देऊ असं सांगण्यात आलं.

अशा वेळी कामाला येतात तीन गोष्टी : क्रेडिट कार्डने भरलेले पैसे, नियामकाकडे कंपनीने ठेवलेली हमी, आणि पॉलिसीतलं दिवाळखोरीचं कव्हर. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीच्या खरेदीला कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. इतर देशांतही कार्डाचा व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते, पण तिला मुदत असते. बँक ट्रान्सफरने भरलेले पैसे परत आणणं त्या मानाने फार अवघड. दिवाळखोरीचं कव्हर हवं असेल तर एक बारकावा : जी कंपनी बुडेल तिच्याकडूनच घेतलेल्या विम्यात हे कव्हर नसणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सफर पूर्ण रद्द न होता नुसती बदलली, तर मात्र प्रवाशाची बाजू लंगडी पडते. तिकिटाच्या करारात जवळपास प्रत्येक कंपनीने वादळ, संप, सुरक्षितता किंवा अन्य कारणाने बंदर वगळण्याचा आणि मार्ग बदलण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. एखादं बंदर चुकलं तर सहसा त्या बंदराची फी परत येते, तीही कधी जहाजावरच्या खात्यात जमा म्हणून. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी त्या मार्गावरच्या सफरी रद्द केल्या किंवा आफ्रिकेला वळसा घातला. बदल इतका मोठा असेल की तुम्ही विकत घेतलेली सफर ओळखू येत नाही, तर युरोपीय नियमांत तुम्हाला नकार देऊन पैसे मागता येतात. बाकी ठिकाणी करार काय म्हणतो आणि कंपनीची मर्जी काय आहे, त्यावर सगळं.

यंत्र बिघडलं तर थोडी वेगळी गोष्ट. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनला आग लागली आणि जहाज वीज नसलेल्या अवस्थेत कित्येक दिवस तरंगत राहिलं. त्यानंतर त्याच वर्षी क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद स्वीकारली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा आणि अर्ध्यावर संपली तर अंशतः परतावा, असं तिच्यात लिहिलेलं आहे.

एवढं सगळं होऊन विमान तिकिटांचा प्रश्न उरतोच. कंपनी क्रूझचे पैसे देते, तुम्ही वेगळी काढलेली तिकिटं तिची डोकेदुखी नसते. काही कंपन्या तिकीट बदलण्याच्या खर्चापोटी थोडी रक्कम देतात, तीही मर्यादा घालून. आणि पुष्कळांना वाटतं की इथे विमा येईल. वादळ, संप किंवा बिघाडामुळे रद्द झाली असेल तर अनेक पॉलिसींत येतो. पण कंपनीने आख्खं जहाज दुसऱ्या कुणाला भाड्याने दिलं, किंवा ते वेगळ्या समुद्रात पाठवायचं ठरवलं म्हणून तुमची सफर रद्द झाली, तर ते कारण सहसा यादीत नसतं. क्रूझ आणि विमान एकाच ठिकाणाहून एकत्र घेतलं, किंवा विमान तिकीट बदलता येण्यासारखं घेतलं, तर ही भानगड मुळातच टळते.

मग विमा नेमका कशाचा?

प्रवास रद्द झाल्याचा साधा विमा म्हणजे कारणांची यादी असते. तुमचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं आजारपण, मृत्यू, घराला आग, नोकरी जाणं, कोर्टाचं समन्स वगैरे. कारण यादीत असेल तर पैसे, नसेल तर नाही. 'आता जावंसं वाटत नाही', 'भीती वाटते', 'ऑफिसने सुट्टी नाकारली' ही कारणं बहुतेक याद्यांत नसतात. 'जवळचा नातेवाईक' म्हणजे कोण, हेही व्याख्येच्या पानावर दिलेलं असतं. काका-मावशी त्यात आहेत की नाहीत, ते आधी बघून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. जे संकट विमा घेताना माहीत होतं, त्याचा विमा मिळत नाही. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो. एखाद्या वादळाला नाव मिळालं की त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळापुरती कामाची नाही. बातम्यांमध्ये नकाशा बघून विमा काढायला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

यादीची कटकट नको असेल तर काही देशांत 'कोणत्याही कारणाने रद्द' असं जादा कव्हर मिळतं. ते बरंच महाग असतं, परत मिळतात साधारण ५० ते ७५ टक्के, आणि अटी कडक : पहिलं डिपॉझिट भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यायचं, परत न मिळणारा सगळा खर्च त्यात धरायचा, आणि निघण्याच्या निदान दोन दिवस आधी रद्द करायचं. घरात कुणाची तब्येत नाजूक असेल किंवा नोकरीचं काही खरं नसेल तर विचार करावा. बाकीच्यांना ते नाकापेक्षा मोती जड. क्रूझ कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांतही असं कव्हर दिसतं, पण त्यात मिळतं ते बऱ्याचदा क्रेडिट.

जुन्या आजारांवर क्लेम फार अडकतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर काही देशांत तो सांगावाच लागतो आणि त्यासाठी जादा प्रीमियम पडतो. अमेरिकी पॉलिसी मागच्या ठरावीक काळातली औषधं आणि उपचार तपासतात. तो काळ ६० दिवसांपासून १८० दिवसांपर्यंतचा असतो. मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला असेल तरी आजार 'स्थिर नव्हता' असं म्हणायला जागा मिळते. डिपॉझिटनंतर लवकर विमा घेतला तर ही अट अनेक पॉलिसी माफ करतात. लवकर विमा घेण्याचं सगळ्यात ठोस कारण हेच.

आता ज्या भागाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तो : जहाजावरचं आजारपण. रद्द झाल्याचं नुकसान तुम्ही भरलेल्या रकमेपुरतं असतं, त्याला तळ आहे. वैद्यकीय खर्चाला तळ नाही. जहाजावरचा दवाखाना खासगी असतो आणि बिल थेट केबिनच्या खात्यावर चढतं. घरचा आरोग्य विमा तिथे चालेलच असं नाही. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, जहाज अमेरिकी बंदरापासून सहा तासांपेक्षा जास्त दूर असेल तर पैसे देत नाही. ब्रिटिश आणि युरोपीय आरोग्य कार्डं सरकारी दवाखान्यांसाठी असतात, जहाजावरच्या डॉक्टरसाठी नाहीत. हेलिकॉप्टरने उचलून जवळच्या इस्पितळात आणि तिथून विमानाने घरी न्यायची वेळ आली, तर खर्च लाखभर डॉलरच्या पुढेही जाऊ शकतो. क्रूझ स्वस्तात मिळाली असेल आणि रद्द झाल्याचं नुकसान पचवता येणार असेल, तर रद्द होण्याचं कव्हर सोडून फक्त वैद्यकीय खर्चाचं आणि आजाऱ्याला असं हलवून नेण्याचं कव्हर घेणं अगदी शहाणपणाचं आहे. प्रीमियमही बराच कमी पडतो.

जहाज चुकण्याचं कव्हरही बघावं. विमान उशिरा पोहोचलं म्हणून जहाज थांबत नाही, आणि सुटलेलं जहाज पुढच्या बंदरावर गाठायचं तर नवं विमान, हॉटेल, कधी व्हिसासुद्धा लागतो. पॉलिसीत किती तासांचा उशीर धरतात ते महत्त्वाचं. तीन तास आणि बारा तास यांत मोठाच फरक आहे. आदल्या दिवशी बंदराच्या गावात मुक्काम केला तर या कव्हरची गरजच उरत नाही, आणि एक रात्रीचं हॉटेल हा मला तरी सगळ्यात स्वस्त विमा वाटतो. ब्रिटनमध्ये क्रूझसाठी वेगळं कव्हर मिळतं, त्यात चुकलेलं बंदर आणि आजारामुळे केबिनमध्ये कोंडून राहावं लागणं याचेही ठरावीक पैसे असतात. हौस असेल तर घ्यावं, त्याच्यावाचून अडत नाही.

सामान हरवण्याच्या कव्हरवर डोकं शिणवू नये. मर्यादा कमी असतात, वजावट असते (म्हणजे नुकसानीचा ठरावीक भाग तुम्हीच सोसायचा), आणि मोबाइल-दागिने यांना वेगळी खालची मर्यादा असते.

पैसे भरण्याआधी आपल्या क्रेडिट कार्डाचे फायदे तपासावेत. काही कार्डांवर प्रवास रद्द झाल्याचं कव्हर फुकट असतं, पण वैद्यकीय कव्हर नसतं किंवा नावापुरतं असतं. तसं असेल तर बाहेरून फक्त वैद्यकीय घेतलं की भागतं.

क्लेमची वेळ आलीच तर कागद त्या त्या ठिकाणीच गोळा करावेत. बंदर चुकल्याचं किंवा केबिनमध्ये राहायला लावल्याचं जहाजाकडून लेखी पत्र, दवाखान्याचं तपशीलवार बिल, विमान कंपनीचं उशिराचं प्रमाणपत्र. घरी आल्यावर ही पत्रं मागत बसायचं म्हणजे महिने जातात. आणि रद्द करायचं कारण घडलं की डॉक्टरांचं पत्र घेऊन लगेच रद्द करावं. 'बघू, आठवड्याभरात बरं वाटेल' म्हणून थांबलात आणि दंड ५० वरून ७५ टक्क्यांवर गेला, तर वाढलेला फरक विमा कंपनी नाकारू शकते.

पॉलिसी हातात आल्यावर पहिल्या पानावरचा फायद्यांचा तक्ता सोडून थेट व्याख्या आणि अपवादांची पानं वाचावीत. न पटलेली पॉलिसी कारण न देता परत करून प्रीमियम मागे घेण्याची मुदत बहुतेक ठिकाणी असते, ब्रिटनमध्ये १४ दिवस, अमेरिकेत राज्यागणिक साधारण १० ते १५ दिवस. मात्र तोवर क्लेम केलेला नसावा आणि प्रवास सुरू झालेला नसावा.